पत्र वाचलें, पण उत्तर नाहीं!

आमच्या शीवच्या घरांत गेल्या पावसाळ्यांत एका साध्या गोष्टीवरून आठ दिवस अबोला नांदत होता. तसा अबोला हल्लीं घरोघर होऊं लागला आहे. म्हणून ती हकीकत वाचकांपुढें मांडतांना संकोच वाटत नाहीं.

कोंकणांतील आमचें वडिलोपार्जित घर दुरुस्त करावें कीं विकून टाकावें, हा प्रश्न होता. आमचे थोरले भावजी सेवानिवृत्त. सारा जन्म कचेरींत गेलेला. त्यांनीं पुण्याच्या धाकट्या भावजींस सविस्तर ईमेल लिहिला, सोबत खर्चाचा अंदाज जोडला, आणि कचेरींतल्या संवयीप्रमाणें ‘वाचल्याची पोंच’ मागितली. रात्रीं साडेअकरा वाजतां पोंच आली. उत्तर मात्र आलें नाहीं. एक दिवस गेला, तीन गेले. “वाचून गप्प बसला! थोरल्या भावाला दोन ओळी लिहिण्याचीहि त्याला गरज वाटत नाहीं,” असें थोरले भावजी जेवतांना बोलले, आणि सासूबाईंच्या हातांतला घांस तसाच राहिला.

आठव्या दिवशीं उलगडा झाला. त्या रात्रीं धाकट्या जाऊबाईंस रुग्णालयांत न्यावें लागलें होतें. बाहेर बांकावर बसून धाकटे भावजी क्षणोक्षणीं फोन उघडीत होते. त्यांत तें पत्र उघडलें गेलें आणि ‘पोंच पाठवूं का?’ या प्रश्नावर बोट पडलें, इतकेंच. सासूबाईंस काळजी नको म्हणून त्यांनीं कोणास कांहीं कळविलें नव्हतें. जाऊबाई आतां बऱ्या आहेत. पण ज्या आठ दिवसांत आम्हीं पुण्यास धांवून जावयाचें, ते आम्हीं रुसण्यांत घालविले, याची रुखरुख अजून जात नाहीं.

पोंच ही कांहीं नवी वस्तु नव्हे. रजिस्टर टपालाबरोबर जोडलेलें कार्ड सही होऊन परत आलें, म्हणजे आपले वडील निश्चिंत होत. योग्य पत्ता लिहून, हशील भरून, रजिस्टर केलेलें पत्र पोंचलें असें धरून चालावें, हें तत्त्व 1897 च्या कायद्यांतच घातलेलें आहे. तें रजिस्टर टपाल 2025 सालीं स्पीड पोस्टांत विलीन झालें. परंतु त्या कार्डावरची सही एवढेंच सांगे कीं, लखोटा घरीं आला. तो केव्हां फोडला, वाचून कपाळाला आंठी पडली कीं डोळ्यांत पाणी आलें, हें विचारण्याची सोय नव्हती. आणि ती नव्हती हें बरेंच होतें.

ईमेलच्या पोंचेची गोष्ट निराळी. तिचे तांत्रिक नियम 1998 सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत नियमकर्त्यांनीं स्पष्ट लिहून ठेविलें आहे कीं, ही पोंच म्हणजे पत्र पडद्यावर दाखविलें गेलें याची खूण. तें वाचलें किंवा समजलें याची हमी नव्हे. ज्याच्याकडे पत्र आलें त्याची संमति घ्यावी, हाहि त्यांचाच आग्रह. आपण मात्र त्या खुणेवरून वाचलें, समजलें आणि मुद्दाम उत्तर टाळलें, असे तीन निष्कर्ष एका दमांत काढतों!

कोणी म्हणेल, मग न्यायालयें अशा खुणा कशा मानतात? 2018 सालीं आपल्या मुंबईच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं वसुलीच्या एका प्रकरणांत व्हॉट्सॲपवरून धाडलेली नोटीस बजावली गेली असें मानलें. कारण दोन निळ्या खुणांवरून ती नुसती पोंचली नसून उघडलीहि गेली, हें दिसत होतें. निर्णय योग्यच होता. तेथें प्रतिपक्ष नोटीस चुकवीत होता, आणि प्रश्न एवढाच होता कीं, त्याला खबर लागली कीं नाहीं. न्यायालयाला पुराव्याची गरज असते. पण भाऊ कांहीं भावाचा प्रतिवादी नव्हे. ज्या घरांत पुराव्याची गरज पडूं लागली, तेथें आधींच कांहींतरी बिघडलें आहे असें समजावें.

यावरून पोंच मागूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. अर्जाची मुदत, पैशाचा व्यवहार, सहीचे कागद यांत ती अवश्य मागावी. घरच्या पत्रांत मात्र यंत्राकडून ती घेण्यापेक्षां शेवटीं एक ओळ लिहावी : “पत्र पावल्याचें कळवावें, उत्तर सवडीनें आलें तरी चालेल.” उत्तराला मुदत असेल तर तारीखच लिहावी. निकड असेल तर फोन करावा; आमच्या घरीं पहिल्याच दिवशीं तो केला असता तर पुढचें सारें टळलें असतें.

ज्याला पत्र येतें त्याचेंहि कांहीं कर्तव्य आहेच. आपल्या आजोबांच्या पत्रांत आरंभींच मागील पत्र पावल्याचा उल्लेख असे. “पत्र पावलें, चार दिवसांत लिहितों” एवढें लिहावयास अर्धें मिनिट पुरतें. व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणा बंद ठेवतां येतात; पण मग दुसऱ्याच्या खुणाहि आपल्याला दिसत नाहींत. हा व्यवहार मला न्याय्य वाटतो. आपल्याला एकान्त हवा, तर तो दुसऱ्यालाहि द्यावा.

शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट येथें संपे आणि पलीकडे साष्टी लागे, म्हणून या गांवाला हें नांव पडलें. पत्र माणसाच्या दारापर्यंत नेणें हें आपलें काम. आंत तो तें केव्हां आणि कोणत्या मनःस्थितींत वाचतो, ही त्याची शीव. ती ओलांडावीशी वाटली, तर हेरासारखी ओलांडूं नये, दार ठोठावून “बरें आहे ना?” असें विचारावें.

थोरले भावजी आतां पोंच मागत नाहींत. रविवारीं सकाळीं ते पुण्यास फोन करितात. घराचें काय करावयाचें तें अजून ठरलेलें नाहीं. पण दोघे भाऊ त्याविषयीं बोलत आहेत, हें काय थोडें झालें?