खुर्ची

अजिंठा लेणी कोणत्या तालुक्यात, असं विचारलं की शहरातला भलाभला माणूस गडबडतो. तालुका आमचा, सोयगाव. फर्दापूरला उतरायचं आणि पुढे लेण्यांच्या बसने जायचं. आत भिंतींवर सावळ्या, काळ्या बाया काय थाटात उभ्या आहेत! गळ्यात मोती, डोळे अर्धे मिटलेले. त्यांना कोपऱ्यात ढकलायचं चित्रकाराच्या मनातही आलं नाही. तिथून बाहेर पडून कपाशीच्या शेतात या. वेचणाऱ्या बायांचा रंग तोच, पण इथे सोयरीक जुळवताना ‘पोरगी गुणाची आहे, पण सावळी आहे’ असं दबक्या आवाजात सांगतात. त्यात ती तांड्यावरची नाहीतर गावकुसाबाहेरची असली, तर तो ‘पण’ आणखी लांबतो.

अमेरिकेत काळ्या आणि इतर गोरेतर बायकांनी एकत्र येऊन ‘विमेन ऑफ कलर’ हे नाव घेतलं. आपल्याकडे रंगाचं काम जातच उरकून टाकते. अशा बायकांना पुढे आणू म्हणणारे पुढारी आपल्याकडे उदंड. मी त्यांच्याकडे बघताना एवढंच बघतो, की सभेत खुर्चीवर कोण बसलंय.

म्हणून मला नागपूरची एक परिषद आठवते. 20 जुलै 1942. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद, हजारो बाया जमलेल्या. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर नुकतीच नेमणूक झालेले बाबासाहेब आंबेडकर तिथे हजर होते. पण अध्यक्षपदी होत्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब बोलले ते पाहुणे म्हणून. समाज किती पुढे गेला हे आपण त्याच्या बायकांवरून मोजतो, असं त्यांनी सांगितलं. पोरींच्या लग्नाची घाई करू नका, बायको ही नवऱ्याची दासी नव्हे, मैत्रीण आहे, असंही बजावलं. ते गाजलं. मला मात्र ठराव जास्त मोलाचे वाटतात. घटस्फोटाचा हक्क, एकाहून जास्त बायका करण्याला बंदी, गिरणी आणि विडी कारखान्यांतल्या बायांना रजा, पोरींसाठी वसतिगृहं, कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत बायकांना राखीव जागा. ज्यांच्या हाताचं पाणी गाव पीत नव्हतं, त्या बाया 1942 साली हे मागत होत्या.

पुढची गोष्ट आमच्या जिल्ह्यातली आहे, आणि ती दोन तारखांत आहे. 1 सप्टेंबर 1951 रोजी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद आले होते, यजमान कायदेमंत्री बाबासाहेब. आणि याच दोघांचं हिंदू कोड बिलावरून जमत नव्हतं! बायकांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारं ते बिल राष्ट्रपतींना पसंत नव्हतं. त्याच महिन्यात बिल संसदेत अडकलं आणि 27 सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कारणं त्यांनी बरीच सांगितली, त्यात हे बिलही होतं. नागपुरात त्यांनी खुर्ची बाईकडे राहू दिली होती, दिल्लीत आपली सोडली.

आता नागपूरच्या त्या ठरावातल्या राखीव जागा महाराष्ट्रात स्थानिक संस्थांपुरत्या कायद्यानेच मिळाल्या आहेत; तिथे निम्म्या जागा बायकांच्या. परवा तालुक्यातल्या एका गावी ग्रामपंचायतीत गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. भिंतीवरच्या पाटीवर बाईंचं नाव, टेबलामागे त्यांचे यजमान. बाहेर सगळे त्यांनाच ‘सरपंच’ म्हणत होते. बाई दाराशी उभ्या, हातात कापडी पिशवी, पायांना शेतातली माती.

मी पाणी योजनेचं विचारलं. यजमान ऐटीत सांगू लागले. टाकी कधी झाली, ठेकेदार कोण, उद्घाटनाला कोण आलं होतं.

“किती घरांना नळ पोचला?”

ते अडले. कागद चाळू लागले.

“वरच्या आळीला पोचला,” दारातून आवाज आला. “आमच्या वस्तीत एकवीस घरं राहिलीत. पाइप कमी पडला. मी दोनदा अर्ज दिलाय, त्याची पोच हाय माझ्यापाशी.” आणि त्यांनी पिशवीत हात घातला.

यजमानांनी मान वळवून पाहिलं. पोचेचा कागद घेऊन बाई टेबलापर्यंत आल्या, उभ्यानेच तो माझ्यासमोर ठेवला. खोलीत खुर्च्या दोनच होत्या, आणि दुसरीवर मी बसलो होतो.