पद्मिनीला एसी सोसेल का?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, जोगेश्वरीपाशी अडकलेली फियाट बघितलीय कधी? मालकाचा एक हात खिडकीबाहेर, दुसऱ्यात रुमाल, आणि चेहऱ्यावर ते 'व्हिंटेज प्रेम' वगैरे अजिबात नाही. बॉस, नॉस्टॅल्जिया ही बेसिकली डिसेंबर-जानेवारीतली गोष्ट आहे!

घाटकोपरचा माझा एक मित्र सध्या याच पेचात आहे. घरात १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी घेतलेली, बाबांनी जिवापाड जपलेली. जन्म शेजारच्याच कुर्ल्याच्या कारखान्यातला, म्हणजे पोरगी अगदी गावातलीच! पण बाबा आता सत्तरीपार. उन्हाळ्यात त्यांना तिच्यात बसवत नाही, आणि टॅक्सी केली की ते रुसतात. मग मित्राने प्लॅन काढला: ११८ एनईचं निसान इंजिन टाकायचं आणि एसी बसवायचा.

आयडिया काही नवी नाही. १९८५ मध्ये आलेल्या प्रीमियर ११८ एनईत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन होतं आणि मुंबईच्या निळ्या-चंदेरी 'कूल कॅब' म्हणून याच गाड्या धावल्या. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन जेमतेम ४० हॉर्सपॉवरचं. कॉम्प्रेसरने त्यातून आपला वाटा काढला की घाटकोपरचा फ्लायओव्हरसुद्धा खंडाळ्याचा घाट वाटायला लागतो.

पण गंमत पुढे आहे. सगळे इंजिनाबद्दल बोलतात, वायरिंगबद्दल कुणीच नाही! जरा हिशोब करा. ब्लोअरला साधारण १० अँपिअर, कंडेन्सरच्या फॅनला १०, कॉम्प्रेसरच्या क्लचला ४. झाले २४. पावसाळ्यातली संध्याकाळ असेल तर हेडलाइट आणि वायपर वेगळे. जुन्या डायनॅमोचा इथेच दम निघतो. अल्टरनेटर हवाच, आणि तोही दमदार, कारण सिग्नलला आयडलिंगवर तो पूर्ण करंट देत नाही. आणि आपण तर अर्धं आयुष्य सिग्नललाच काढतो!

दुसरं म्हणजे, हा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरवायचा नाही. स्विचने फक्त रिलेला हुकूम द्यायचा. जाड वायर बॅटरीतून थेट रिलेकडे, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. चाळीस-पन्नास वर्षांच्या कडक झालेल्या वायरींना जोड देऊन, वर काळी टेप गुंडाळून 'हो जायेगा साब' म्हणणारा भेटला, तर तिथून सरळ निघा. गाडीला आग लागायला एवढंही पुरतं. क्लचच्या लाइनमध्ये थर्मोस्टॅट आणि प्रेशर स्विच हवा, म्हणजे गॅस संपला किंवा प्रेशर चढलं तर कॉम्प्रेसर आपोआप बंद. आणि इंजिन ते बॉडी नवी अर्थिंगची पट्टी. स्वस्त वस्तू, पण नेमकी तीच राहून जाते.

आता सगळ्यात डेंजर पार्ट, कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी लागते. उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये बजावलंय. आरसीवर एक इंजिन नंबर आणि बॉनेटखाली दुसरा असेल, तर अपघातानंतर इन्शुरन्सवाल्यांना आयतं कारण मिळतं. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण इंजिन, चासी, बॉडी मूळचीच हवी. मित्राची पद्मिनी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. म्हणजे एसीसाठी इंजिन बदललं, तर तो मान गेलाच म्हणायचा.

काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. त्यामुळे उरलेल्या गाड्यांबद्दल आपण जरा जास्तच हळवे झालोय, हे खरं. तरीही मला विचाराल तर मूळ इंजिन राहू द्यावं, नवं वायरिंग आणि अल्टरनेटर घालून डॅशबोर्डखाली छोटा एसी बसवावा. पूर्वी कितीतरी पद्मिनींना तसाच बसायचा. चढावर तेवढा बंद करायचा, बस्स.

मित्राने निसानचा नाद अजून सोडलेला नाही. वायरिंग मात्र सगळं नवं घालून झालंय, कारण ते दोन्हीकडे लागणारच. इंजिनाचं काय, हे त्याने बाबांवर सोपवलंय. बाबा म्हणाले, "आधी हॉर्न नीट कर, मग बघू."