आजीचा जिल्हा कोणता?

ऑफिसात अप्रेझलचा सीझन होता, म्हणजे काम कमी आणि टाइमपास जास्त. त्यात एका कलीगने आपल्या घराण्याचा फॅमिली ट्री दाखवला. सात पिढ्या, बॉस! झाडावर पानं लटकावीत तशी नावं. म्हटलं, आपणही करू. पहिला बळी अर्थातच आजी. वय वर्षं 87, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा शार्प.

आजीच्या ट्रंकेत तिचा शाळेचा दाखला निघाला. उर्दूत! निजामाच्या राज्यात शाळेची भाषा तीच. एका मित्राच्या अब्बांनी तो वाचून दिला : जन्मसाल 1348 फसली, तालुका उदगीर, जिल्हा बिदर. मी जसंच्या तसं सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. त्याने आजीला पावणेसातशे वर्षांची केली आणि जन्मस्थान दाखवलं : बिदर, कर्नाटक.

‘‘कर्नाटकात म्या कव्हा ऱ्हायले रे?’’ आजी जाम भडकली.

फसलीचं कोडं सोपं होतं. साधारण 590 मिळवायचे, की 1938 येतं. जिल्ह्याचं मात्र तसं नाही. आजीचं गाव जन्मापासून आजवर एक इंचही हललेलं नाही, पण त्याचा पत्ता बघा. आधी हैदराबाद संस्थान, जिल्हा बिदर. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. भालकी, हुमनाबाद वगैरे म्हैसूर राज्यात (त्याचं नाव कर्नाटक झालं 1973 ला), जहिराबाद, नारायणखेड आंध्रात (आता तेलंगणात) आणि आपले उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात. तिथे ते उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले. 1960 ला महाराष्ट्र. 1982 ला उस्मानाबादेतून लातूर जिल्हा निघाला, उदगीर तिकडे. 1999 ला उदगीरमधून देवणी तालुका निघाला, गाव त्यात. आणि उस्मानाबादचंही 2023 ला धाराशिव झालं. एवढे पत्ते तर मी पुण्यात रूम बदलतानाही बदलले नव्हते!

तुम्ही मराठवाड्याचे नाही म्हणून हसू नका. सावंतवाडीचे असाल तर 1981 आधीच्या कागदांवर सिंधुदुर्ग सापडणार नाही, रत्नागिरी सापडेल. आणि 1948 च्या आधी तर सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थानच होतं. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात. डहाणू 2014 पर्यंत ठाण्यात. कागद ज्या दिवशी लिहिला, त्या दिवशी गाव कुणाच्या हद्दीत होतं, हे आधी विचारायचं. आजचा जिल्हा टाकून शोधणं म्हणजे आजोबांना मोबाइल नंबरवरून शोधण्यासारखं.

हे शहाणपण मला उशिरा आलं. तोपर्यंत दोन सुट्ट्या एका रेकॉर्ड रूममध्ये गेल्या होत्या. तिथे म्हणाले, ‘‘छप्पनच्या आधीचं? तिकडच्या जिल्ह्यात बघा.’’ तिकडे गेलो तर म्हणाले, ‘‘हे गाव आमच्या यादीतच नाही.’’ चहा मात्र दोन्हीकडे पाजला.

एव्हाना फॅमिली ट्रीचं खूळ ओसरलं असतं, पण मध्येच आजी एक वाक्य बोलून गेली होती. ‘‘माझ्या आईचं नाव सापडलं तर बघ बाबा.’’

म्हणजे काय? तर आजी तीन वर्षांची असताना तिची आई गेली. घरात सगळे ‘थोरली’ म्हणायचे. मग दुसरी आई आली आणि थोरलीचा विषय संपला. वडील बोलले नाहीत, ही विचारायला धजली नाही. 87 वर्षांच्या बाईला आपल्या आईचं नाव माहीत नव्हतं आणि मी तिला झाडाची पानं दाखवत बसलो होतो.

नातवाने मग जमिनीचे कागद उपसले. 1954 चं खासरा पत्रक मिळालं, वर ठसठशीत ‘जिल्हा बिदर’. त्यात पणजोबा होते, त्यांचे भाऊ होते, बांध होते. बाई एकही नाही. जमीन पुरुषांची, कागद पुरुषांचे.

शेवटी एका मावशीने सुचवलं, त्र्यंबकेश्वरला जा. तिथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या वह्या असतात, हे मी ऐकून होतो. गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘गाव? आडनाव?’’ मी सवयीने जिल्ह्यांची पूर्ण यादी सुरू केली. त्यांनी हातानेच थांबवलं. ‘‘जिल्हा नको. उदगीरकडचे ना? मग बसा.’’ ना संस्थान, ना मुंबई राज्य, ना लातूर. सरकारं येत-जात राहिली, वहीला पत्ताच नाही.

दीड तासाने लांबुडकी वही उघडली. शके 1863, म्हणजे 1941. मोडी अक्षर, खाली पणजोबांची सही. गुरुजी बोट ठेवून वाचत गेले. वडील, आजे, पणजे. भाऊ तीन. मुलगे दोन. आणि ‘कुटुंब’, म्हणजे त्या काळच्या भाषेत बायको. तिच्या अस्थी घेऊन ते आले होते. पुढे तिचं नाव. आजीचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. मुली लिहायची पद्धत नव्हती, गुरुजी म्हणाले. मी फोटो काढला तेव्हा हात थोडा हलला, त्यामुळे तो ब्लर आहे.

घरी आल्यावर आजीच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. तिला पहिल्यांदा ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं. तिने ते हळूच म्हणून बघितलं. मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी इथे ते नाव लिहीत नाही, ते अजून तिचंच आहे.

रात्री जेवताना म्हणाली, ‘‘हे लग्नातलं नाव असंल. तव्हा सासरी नाव बदलायचे. माहेरचं येगळं असंल.’’

‘‘माहेर कुठलं गं?’’

‘‘भालकीकडचं.’’

भालकी. तोच जुना बिदर जिल्हा, फक्त 1956 ला रेषेच्या पलीकडे राहिलेला. पुढच्या महिन्यात चार दिवसांची रजा टाकली आहे. बॉसला कारण काय सांगायचं, तेवढं ठरायचंय.