पाचशे कोटी लीटर म्हणजे नेमकं किती पाणी?

पर्यावरणाच्या गोष्टी सांगत गावोगाव फिरणाऱ्याला चाळीसगावच्या बाजूला पहिला टोला ठरलेला असतो : "भाऊ, गोष्टी पुरे. पोकलेन पाठवा." टोला गैर नाही. दर ५ जूनला, पर्यावरण दिनी, त्याच खड्ड्यात नवं रोप आणि खड्ड्याभोवती नवे पाहुणे, हे पाहून लोक विटले आहेत. 'शाश्वत विकासा'चे फलक उन्हात फिके पडतात आणि विहिरी उन्हाळा लागता लागता तळ गाठतात. तेव्हा पर्यावरण-संवादक म्हणवणारा इसम पोटार्थी कथेकरी आहे, हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेऊन भागणार नाही.

पण त्याच्या मुळाशी असलेलं गृहीतक तपासायला हवं : काम यंत्र करतं, गोष्ट ही नुसती सजावट. यंत्राचा हिशेब महाराष्ट्रानं करून पाहिला आहे. जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात फारसं यश आलं नाही, असं महालेखापरीक्षकांच्या अहवालानं २०२० मध्ये सांगितलं. पाहणी केलेल्या १२० गावांत कामांच्या देखभाल-दुरुस्तीवर खर्चच झालेला नव्हता. अहवालावरून जे राजकारण झालं ते बाजूला ठेवू. नाल्यात गाळ साचतो, हे सांगायला लेखापरीक्षक लागत नाही. तो काढायचा तर ग्रामसभेत कुणीतरी विषय काढावा लागतो, वर्गणी मागावी लागते आणि 'वरच्या आळीचा फायदा, आमचं काय?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. हे काम पोकलेनच्या चालकाचं नव्हे.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा. गोष्ट आली की आकडे पळतात, असं ते म्हणतात. त्यांनी चाळीसगावाहून पाटणादेवीला जाऊन यावं. तिथे, गौताळा अभयारण्याच्या कुशीतल्या पाटणमध्ये, संशोधक भाऊ दाजी लाडांना एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढल्याचं त्यात नोंदलं आहे. काळ तेराव्या शतकाच्या आरंभीचा. त्या ग्रंथकाराच्या 'लीलावती'त एक तळं आहे. पाण्यावर अर्धा हात वर आलेलं कमळ वाऱ्यानं झुकतं आणि दोन हातांवर बुडतं. तर तळ्याची खोली किती? उत्तर पावणेचार हात. कमळ, वारा, पाखरं सगळं आहे आणि गणितात तसूभर ढिलाई नाही. आकडा किंवा गोष्ट, असा पेच त्या काळच्या गुरूंना पडला नव्हता.

आजच्यांना मात्र पडतो. भारतीय महसूल सेवेतले अधिकारी आणि इथलेच भूमिपुत्र उज्ज्वलकुमार चव्हाण यांनी चाळीसगाव तालुक्यात 'मिशन ५०० कोटी लीटर जलसाठा' ही मोहीम चालवली. ५०० कोटी हा आकडा ऐकणाऱ्याला आवाक्याबाहेरचा वाटतो. धरणाच्या मापानं पाहिलं तर तो किरकोळ ठरतो, कारण गिरणा धरणाच्या साडेअठरा टीएमसीचा तो शंभरावा हिस्साही नाही. मग खरा आकडा कोणता? हेक्टरभर कपाशीला पाच सेंटीमीटरचं एक पाणी द्यायला पाच लाख लीटर लागतात. तेव्हा ५०० कोटी लीटर म्हणजे दहा हजार हेक्टरांना एक पाणी. बाष्पीभवन, झिरपा वजा केले तर आणखी कमी. बोंडं भरायच्या वेळी पावसानं महिनाभर दडी मारली की त्या एका पाण्याची किंमत काय, हे कोरडवाहू शेतकऱ्याला वेगळं समजावावं लागत नाही. मोहिमेचा आकडा इथवर आणून सोडणं, हेच संवादकाचं काम. आणि हे करायला भूजलशास्त्र आणि इथली अहिराणी बोली दोन्ही यावं लागतं.

करून दाखवलेलं उदाहरण शेजारच्या धुळे जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं सुमारे अकराशे एकर जंगल चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नियम लावून, पहारा ठेवून राखलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या पाड्यावर वनभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. बायका रांधून आणलेल्या भाजीसोबत तिची माहितीही सांगतात. 'तेरा' ही रानभाजी घ्या. त्यात आंबट घातलं नाही तर घसा खाजतो. कोवळा कधी खुडायचा, कंद का राखायचा, हे ज्या बाईला येतं ती या दिवशी तज्ज्ञ असते आणि शहरातून आलेला पाहुणा विद्यार्थी. 'जैवविविधता वाचवा' असं तिला म्हणावं लागत नाही. जंगल तुटलं तर ताटातलं काय जाईल, हे पाहुण्याच्या जिभेवर असतं. शिवाय इथे आधी नियम आला, उत्सव नंतर, हा क्रम ध्यानात घ्यावा. उलट्या क्रमानं केलेले महोत्सव बरेच आहेत. त्यांत जेवण चांगलं मिळतं, एवढंच.

तेव्हा गोष्टीची बाजू घेताना सगळ्या कथेकऱ्यांची वकिली करण्याचं कारण नाही. एकाच नायकावर चित्रफीत बेतली की गावाचे हात दिसेनासे होतात आणि नायक थकला की काम बसतं. नुसती भीती घालणाऱ्याचं ऐकून लोक हळहळतात आणि घरी जातात.

चाळीसगावपुरतं बोलायचं तर सांगायची गोष्ट समोर पडली आहे. ३१ ऑगस्ट २०२१च्या पहाटे डोंगरात तुफान पाऊस झाला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शहरात शिरलं, गुरं वाहून गेली. 'ढगफुटी झाली' या दोन शब्दांत ती गोष्ट संपवणं सोयीचं आहे. त्यात कुणालाच काही करावं लागत नाही. घाटात पडलेला पाऊस शहरातल्या पुलापर्यंत किती वेळात येतो? वरच्या गावानं पाहिलेलं पाणी खालच्या गावाला कोण कळवतो? नदीचं पात्र कुठे, किती अरुंद झालं आहे? गुरं सोडायची दावी पहाटे तीन वाजता कुणाच्या हातात होती? हे प्रश्न घेऊन जो पाटणादेवीपासून डोंगरी आणि तितूरच्या काठाकाठानं गावं जोडत जाईल, म्हाताऱ्यांकडून पुराच्या खुणा भिंतींवर आखून घेईल आणि त्या आखणीसकट नगरपालिकेच्या सभेत उभा राहील, त्याला मानधन द्यायला कुणी कुरकुर करू नये. आणि पोकलेन तर पाठवावाच. पण तो कुठे लावायचा, हे त्या खुणा पाहून ठरवावं.