विश्लेषण : कायद्याची मुभा आहे, पण वाट नाही! ब्रिटनमध्ये ‘टेरेस्ड’ घरामागे खोली वाढवणे इतके अवघड का?

लंडन, लेस्टर किंवा स्लावमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबालाही कधी ना कधी हा हिशेब मांडावा लागतो : मोठे घर घ्यायचे, की आहे त्याच घरामागे स्वयंपाकघर वाढवायचे? इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२५ पासून घरखरेदीवरील मुद्रांक शुल्काची करमुक्त मर्यादा अडीच लाख पौंडांवरून सव्वा लाखांवर आली. राहते घर बदलून चार लाख पौंडांचे घर घेताना पूर्वी साडेसात हजार पौंड शुल्क लागे, आता दहा हजार लागतात. त्यामुळे वाढीव बांधकामाचे पारडे आणखी जड झाले आहे.

‘टेरेस्ड’ घर म्हणजे काय?

नावावरून गच्ची डोळ्यांसमोर येते, पण हे आपल्याकडचे रो-हाऊस. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, मागे छोटेसे अंगण. मधल्या घराच्या मागे गल्ली नसेल, तर अंगणात जायचा रस्ता एकच, पुढच्या दारातून आणि बैठकीच्या खोलीतून.

परवानगी मिळते का?

बहुतेकदा मिळते. मूळ घराच्या मागे तीन मीटरपर्यंत एकमजली बांधकामाला नियोजन परवानगी लागत नाही. शेजाऱ्यांचे म्हणणे मागवून कौन्सिलने हरकत घेतली नाही, तर सहा मीटरपर्यंत जाता येते. ही सवलत २०१९ मध्ये कायम झाली. फ्लॅटला ती नाही आणि वारसा जतन क्षेत्रांत नियम कडक आहेत.

मग अडते कुठे?

मातीपाशी. साडेचार मीटर रुंद घरामागे तीन मीटरची खोली धरा. तीन बाजूंचा पाया साडेदहा मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, एक मीटर खोल. म्हणजे सहा घनमीटरहून अधिक माती. खणल्यावर ती फुगते आणि आठ घनमीटरच्या आसपास जाते. एकचाकी ढकलगाडीत एका वेळी ६० लिटर धरले, तर १३०-१४० फेऱ्या आणि त्या सगळ्या घरातल्या लाकडी फरशीवरून. जमिनीखालचा थर, विटा, वाळू अजून बाकीच!

दारातून जाणारे सुमारे ७० सेंटिमीटर रुंदीचे छोटे खोदाई यंत्र भाड्याने मिळते, काँक्रीट पाइपने घरातून पंप करता येते, पोलादी तुळई तुकड्यांत आणून जागेवर बोल्टने जोडता येते. पण यातली प्रत्येक युक्ती पैसे मागते. राडारोड्याची पेटी रस्त्यावर ठेवायलाही कौन्सिलचा परवाना हवा.

शेजाऱ्याच्या अंगणातून जाता येते का?

खरी मेख इथे आहे. १९९६ च्या सामाईक भिंत कायद्यानुसार हद्दीवर भिंत बांधताना किंवा शेजारच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खणताना एक महिना आधी नोटीस द्यावी लागते. खुद्द सामाईक भिंतीलाच हात लावायचा असेल, तर दोन महिने. अनेकांना ही नुसती कटकट वाटते. पण याच कायद्याखालच्या कामासाठी १४ दिवसांची सूचना देऊन शेजाऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवण्याचा, गरज असेल तर परांची उभारण्याचा हक्क मिळतो. नोटीसच दिली नाही तर हा कायदा लागूच होत नाही, असे अपील न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. मग हक्कही गेला आणि शेजाऱ्याला थेट न्यायालयातून काम थांबवण्याचा मार्ग मोकळा. १९९२ चा दुसरा एक कायदा प्रवेश देतो, पण तो असलेल्या इमारतीच्या देखभालीसाठी. नव्या खोलीसाठी त्याचा उपयोग नाही.

थोडक्यात, नोटिशीआधी चहाला बोलावलेला शेजारी वकिलापेक्षा स्वस्त पडतो.

अंगणाखाली काय आहे?

जुन्या ओळींमध्ये सगळ्या घरांची सांडपाणी वाहिनी अनेकदा मागच्या अंगणांखालून जाते. ऑक्टोबर २०११ पासून अशा बहुतेक सामाईक वाहिन्या पाणी कंपन्यांकडे गेल्या. त्यांच्यापासून तीन मीटरच्या आत बांधायचे तर कंपनीची संमती लागते आणि मॅनहोल नव्या स्वयंपाकघरात येत असेल, तर ते सहसा हलवावे लागते. ठेकेदाराच्या पहिल्या अंदाजपत्रकात हा खर्च अनेकदा नसतो, म्हणून सही करण्याआधी अंगणातले झाकण उचलून पाहिलेले बरे.