फाडलेली वही



माझ्या मुलाची वही मी फाडली, त्याला आता बरीच वर्षे झाली. सातवीत होता तो. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर त्याने आमची चाळ काढली होती. नळावरची रांग, कॅरमभोवती जमलेली पोरं, विहाराच्या ओट्यावर बसलेले म्हातारे बाबा आणि हातात लाटणं घेतलेली मी. प्रत्येकाच्या तोंडून फुगा निघालेला आणि फुग्यात आमच्या वस्तीचीच बोली. परीक्षा तोंडावर आली होती. मी दोन थपडा दिल्या, वही फाडली आणि बंबात घातली. "तू शिकावास म्हणून मी राबते आणि तू चित्रं काढत बसतोस?" मुलगा शिकला, नोकरीला लागला. आमचं चांगलं झालं. पण त्या दिवसानंतर त्याने चित्र काढलेलं मी पाहिलं नाही.

हे आज आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेतल्या एका आईची आणि तिच्या मुलांची हकीकत.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसपासून सुमारे शंभर किलोमीटरवर ऑक्सनार्ड हे गाव आहे. समुद्रकाठचं, शेतीचं, मेक्सिकन मजुरांच्या घामावर वाढलेलं. १९०३ साली इथल्या बीटच्या शेतांवर राबणाऱ्या जपानी आणि मेक्सिकन मजुरांनी एकत्र येऊन संप केला आणि जिंकला. तेव्हा अमेरिकेतल्या बड्या कामगार महासंघाने त्यांच्या संघटनेला मान्यता देऊ केली, पण जपानी आणि चिनी मजुरांना बाहेर ठेवण्याच्या अटीवर. मेक्सिकन मजुरांनी ती अट झिडकारली. आपल्या वाचकांना या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको.

याच गावात मेक्सिकन वंशाच्या हर्नांडेझ कुटुंबात पाच भाऊ आणि एक बहीण वाढली. मुलं लहान असतानाच वडील वारले. आईला लहानपणी चित्रकथांचं वेड होतं. तिने जमवलेली पुस्तकं तिच्या आईने फेकून दिली होती. म्हणजे माझ्यासारख्या आया तिकडेही होत्याच! पण या बाईने आपल्या मुलांच्या बाबतीत तसं केलं नाही. घरात चित्रकथा येत राहिल्या. आई जुन्या गोष्टी सांगायची आणि मुलं कागदावर चित्रं काढायची. त्यातले मारिओ, गिल्बर्ट आणि १९५९ साली जन्मलेला हायमे पुढे चित्रकथाकार झाले. आज सांगायचं आहे ते मुख्यतः हायमेबद्दल.

हायमे तरुण झाला तेव्हा पंक नावाचं वारं सुटलं होतं. १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये उठलेलं हे वारं १९७७ च्या सुमारास लॉस एंजेलिसला पोचलं आणि तिथून ऑक्सनार्डला. विस्कटलेले किंवा रंगवलेले केस, फाटके कपडे, त्यांना लावलेल्या सेफ्टी पिना, कानठळ्या बसवणारं संगीत. आपल्याकडची माणसं म्हणतील, ही कसली थेरं! त्यात नशा होती, मारामाऱ्या होत्या, तरुणपणी वाया गेलेले जीव होते. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या गोंगाटाच्या तळाशी एक साधी गोष्ट होती. कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका. तीन सूर येतात? मग वाजवा. रंगमंच मिळत नाही? मग गॅरेजमध्ये वाजवा. वर्तमानपत्र छापत नाही? मग झेरॉक्स काढून वाटा.

ऑक्सनार्डच्या या मुलांनी आपल्या संगीताला गावाच्या नावावरून 'नार्डकोर' म्हणायला सुरुवात केली. हायमेचा भाऊ इस्माएल 'डॉक्टर नो' या तिथल्याच बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. हायमे कार्यक्रमांची हस्तपत्रकं आणि तबकड्यांची वेष्टनं काढून द्यायचा. कलेच्या बड्या विद्यालयाऐवजी त्याचा हात या पत्रकांवर बसला.

चित्रकथांच्या धंद्यात या मुलांना दार उघडं नव्हतं. १९५४ साली अमेरिकेतल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता केली होती. तिचा शिक्का नसलेला अंक वितरक सहसा उचलत नसत. १९६८ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही चित्रकारांनी ही भिंत चुकवून आपले अंक आपणच छापले. त्या चित्रकथांना 'अंडरग्राउंड' हे नाव पडलं. त्यात धाडस होतं, पण ते चित्रकार बहुतेक गोरे पुरुष होते आणि त्यांच्यातल्या अनेकांची बाईकडे पाहण्याची नजर खालच्या दर्जाची होती. मजुरांच्या वस्तीतली मेक्सिकन मुलगी त्यांच्या पानांवर माणूस म्हणून क्वचितच आली.

१९८१ साली तिघा भावांनी घरातूनच पैसे उसने घेऊन 'लव्ह अँड रॉकेट्स' नावाचा अंक स्वतः छापला. प्रती काहीशेच. त्यातली एक 'द कॉमिक्स जर्नल' या मासिकाकडे परीक्षणासाठी पाठवली. टीका झाली तरी चालेल, निदान नाव तरी छापून येईल, एवढीच अपेक्षा. संपादकांनी अंक वाचला आणि तो आपणच काढू असं कळवलं. १९८२ पासून 'फँटाग्राफिक्स' या त्यांच्या प्रकाशनाने तो काढला.

हायमेच्या पानांवर होतं तरी काय? त्याची स्वतःची वस्ती. नाव बदलून तिला त्याने 'हॉपर्स' केलं. मॅगी ही मेक्सिकन मुलगी यंत्रं दुरुस्त करते. तिची मैत्रीण होपी पंक बँडमध्ये वाजवते. दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे आणि हायमेने ते चेष्टेचा विषय न करता साधेपणाने दाखवलं. घरभाड्याची ओढाताण, शेजारणींच्या कुचाळक्या, आईचे बोलणे, सारं तिथे आहे. टोळ्यांच्या वैरात गुरफटलेला स्पीडी नावाचा तरुण आहे आणि त्याच्या मरणाने सुन्न झालेली आळी आहे. मॅगी पुढे जाड होते, तरी तीच नायिका राहते. चित्रकथेतली माणसं सहसा म्हातारी होत नाहीत, पण हायमेची माणसं त्याच्याबरोबर वय वाढवत गेली. चाळीस वर्षांहून अधिक काळ तो त्यांनाच काढत आला आहे. २०१७ साली हायमे आणि गिल्बर्ट या दोघांची नावं आयस्नर पुरस्कारांच्या सन्मानयादीत गेली.

आपल्याला हे नवं नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती. आपलं दुःख दुसरा कोणी छापील याची वाट पाहत बसलो तर तो आपल्याला मुके तरी ठेवील किंवा आपल्या तोंडी त्याचे शब्द तरी घालील, हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं. चित्रांचंही तेच आहे. २०११ साली निघालेल्या 'भीमायन' या पुस्तकात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी बाबासाहेबांचं जीवन चितारलं. माणसांना चौकटींत कोंबायचं नाही म्हणून त्यांनी नेहमीच्या चौकोनी चौकटी टाळल्या आणि आपल्या परंपरेची रेघ वापरली.

म्हणून भगिनींनो, एक सांगणं आहे. मुलं शिकलीच पाहिजेत, त्यात सूट नाही. पण वहीच्या मागच्या पानावर वस्ती दिसली तर हात उगारण्याआधी ते पान नीट पाहा. त्यात कोण आहे, काय बोलतंय, हे मुलाला विचारा. विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांच्या चित्रांचं भित्तिपत्रक लावा. चार झेरॉक्स काढून त्यांचा अंक करा. त्याला फार पैसा लागत नाही. आणि मुलाने केस विचित्र कापून घेतले म्हणून तो वाया गेला असंही लगेच समजू नका. नशेवर आणि सोबतीवर नजर ठेवा, केसांवर नको.

यंदाच्या भीमजयंतीला मी नातीला कोरी वही आणि रंगीत पेन्सिली दिल्या. परवा ती नळावरची रांग काढत बसली होती. बायका एकामागे एक, शिस्तीत उभ्या. माझा मुलगा कामावरून आला, तिच्या खांद्यावरून बघत राहिला आणि म्हणाला, "रांग अशी नसायची गं. आण इकडे पेन्सिल."

जयभीम!