नळ कुणाचा?

दवनीवाड्याहून कामासाठी नागपूरला गेलेले आपले लोक विचारतात, "नळ महापालिकेचा की कंपनीचा?" हिशेब सरळ आहे. २०१२ साली नागपूर महापालिकेने शहराच्या पाणीपुरवठ्याचा कारभार २५ वर्षांच्या कराराने ऑरेंज सिटी वॉटर या खाजगी कंपनीकडे सोपवला. मालकी महापालिकेचीच, पाण्याचा दरही तीच ठरवते. कंपनी मीटर वाचते, बिल देते, गळती दुरुस्त करते. म्हणून बिल आले की आधी मीटरचा आकडा स्वतः ताडून पाहा. चूक दिसली तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कंपनीने दाद दिली नाही तर महापालिकेत जा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी घेतले, तो हक्क होता, मेहेरबानी नव्हे. कारभारी बदलला म्हणून हक्क बदलत नाही.